कोकणात फिरायला जाताय? रूम बुक करण्याआधी या गोष्टी तपासा

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की कोकणात जायचे बेत सुरू होतात. रीलमध्ये दिसलेला स्विमिंग पूल किंवा समुद्राकडे उघडणारी खिडकी पाहून रूम बुक होते. प्रत्यक्षात मात्र तीन दिवसांतला एक दिवस गाडीत जातो, अर्धा दिवस चेक-इनची वाट पाहण्यात आणि उरलेला 'आता जेवायला कुठे जायचं' या चर्चेत.

सुट्टी छोटी असते तेव्हा राहण्याची जागा ही फक्त रात्री झोपण्याची सोय नसते. दिवसातले किती तास तुमच्या हातात राहणार, हे तीच ठरवते. मग ही जागा निवडायची कशी? होमस्टे बरा की हॉटेल? आणि ॲडव्हान्स देताना फसवणूक कशी टाळायची?

सुट्टीचा आनंद नेमका कधी मिळतो?

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १,५३० डच नागरिकांचा अभ्यास करून २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुट्टीवर जाणारे लोक प्रवासाच्या आधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते. म्हणजे बेत आखणं, वाट पाहणं यातही मोठा आनंद असतो. परत आल्यावर मात्र फिरून आलेले आणि घरीच राहिलेले यांच्यात फारसा फरक उरला नव्हता. अपवाद एकच होता. ज्यांनी आपली सुट्टी 'अतिशय निवांत' गेल्याचं सांगितलं, त्यांचा आनंद परतल्यानंतरही काही काळ टिकला.

यातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. चार दिवसांत सात ठिकाणं बसवण्यापेक्षा एका ठिकाणी दोन-तीन रात्री राहिलेलं बरं. रोज बॅगा भरणं, रोज नवं चेक-इन आणि रोज नवा रस्ता यात निवांतपणा उरत नाही.

आधी दिवस ठरवा, मग रूम

बहुतेक जण आधी रूम शोधतात आणि मग तिथून काय बघता येईल ते पाहतात. हा क्रम उलटा केला तर बरेच घोळ टळतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडली जातात. ती सोडण्याची वेळ असते सकाळी लवकर आणि संध्याकाळी. पिल्लं कधी बाहेर येतील हे माणसाच्या हातात नसतं, त्यामुळे एक फेरी हुकली तर दुसरीची वाट पाहावी लागते. अशा वेळी दूरच्या चकाचक रिसॉर्टपेक्षा गावातलं साधं घर जास्त उपयोगाचं ठरतं.

मालवणचंही तसंच आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि बाजार बघायचा असेल तर मालवण शहरात राहणं सोयीचं. किनाऱ्यावर नुसतं बसायचं असेल तर सहा-सात किलोमीटरवरचं तारकर्ली किंवा त्यापुढचं देवबाग बरं. आणि एकाच सुट्टीत 'गणपतीपुळे आणि मालवण दोन्ही' असा बेत असेल, तर मधल्या वळणावळणाच्या रस्त्यावर चार-पाच तास जातील, हे आधीच धरून चाला.

वाहतुकीचा विचारही इथेच करा. रात्री मुंबईहून निघणारी कोकणकन्या एक्स्प्रेस सकाळी कुडाळला सोडते. तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. पण अनेक ठिकाणी रूम दुपारी १२ नंतरच मिळते. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर 'सकाळी आलो तर आंघोळीची, बॅगा ठेवण्याची सोय होईल का?' हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. त्यामुळे तिकीट आणि रूम यांचा मेळ त्या हिशेबाने घाला.

होमस्टे, एमटीडीसी की रिसॉर्ट?

घरगुती सोय किंवा होमस्टे: कोकणात 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या गावोगावी दिसतात. यातली काही घरं राज्याच्या 'न्याहारी व निवास' योजनेत नोंदलेली असतात. घरचं जेवण, माहीतगार यजमान आणि कमी खर्च या जमेच्या बाजू. पण इथे रूम सर्व्हिस नसते. जेवणाला किती ताटं लागणार हे आधी सांगावं लागतं आणि रात्री उशिरा आलात तर चूल बंद झालेली असते.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं, म्हणजे एमटीडीसीचं रिसॉर्ट: गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर अशा ठिकाणी यांची जागा समुद्राच्या अगदी जवळ आहे. गर्दीच्या दिवसांत मात्र खोल्या लवकर भरतात.

खासगी रिसॉर्ट: मोठा ग्रुप असेल, मुलांना पूल हवा असेल किंवा दिवसभर बाहेर पडायचंच नसेल तर हा पर्याय चांगला. पण पहाटे निघून रात्री परतणार असाल, तर न वापरलेल्या पूलचे पैसेही तुम्हीच भरत असता.

कृषी पर्यटन केंद्र: राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. शेतातलं घर, झाडाखालचं जेवण, गुरं-वासरं हे शहरातल्या मुलांसाठी समुद्राइतकंच नवं असतं. समुद्र मात्र लांब असू शकतो.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी

जागा आवडली की थेट फोन करा. पाच मिनिटांच्या बोलण्यात बरंच कळतं. हे प्रश्न हाताशी ठेवा:

• समुद्र 'पाच मिनिटांवर' म्हणजे चालत की गाडीने?
• गाडी दारापर्यंत येते का? कोकणात अनेक घरांपर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून जावं लागतं. गुडघेदुखी असलेल्यांसाठी हा मोठा प्रश्न असतो.
• कमोड आहे का? संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे की बाहेर?
• वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? त्यावर फक्त पंखा चालतो की एसीसुद्धा?
• मे महिन्यात पाण्याची अडचण असते का?
• कोणत्या कंपनीची रेंज मिळते?
• जेवण शाकाहारी की मांसाहारी? मासे आणि मद्य यांबाबत घराचे काही नियम आहेत का?
• ड्रायव्हर सोबत असेल तर त्याची झोपण्याची सोय आहे का?

अविवाहित जोडप्यांनी ठिकाणाचा नियम पैसे देण्याआधीच विचारावा. दोन प्रौढांनी एकत्र राहण्यावर बंदी घालणारा कायदा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं होतं. तरी अनेक ठिकाणी मालकांचे स्वतःचे नियम असतात आणि रात्री दारात वाद घालण्याने कोणाचीच सुट्टी सुधारत नाही.

रिव्ह्यू वाचताना फक्त पाच स्टारवाले वाचू नका. तीन स्टार देणारे लोक सहसा चांगलं-वाईट दोन्ही सांगतात. मालकाने टाकलेल्या फोटोंपेक्षा पाहुण्यांनी टाकलेले, तेही गेल्या काही महिन्यांतले फोटो बघा.

भाड्यात नेमकं काय धरलंय?

'दोन हजार रुपये' हा आकडा रूमचा आहे की माणशी, यावरून सर्वात जास्त गैरसमज होतात. नाश्ता, जादा गादी, लहान मुलांचे पैसे, एसी बंद ठेवल्यास वेगळा दर हे सगळं स्पष्ट करून घ्या आणि व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

जीएसटीचा हिशेबही महत्त्वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के कर आहे, त्यावरच्या रूमवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० रुपयांची रूम करासह ७,८७५ रुपयांना पडते, तर ८,००० रुपयांची रूम थेट ९,४४० रुपयांना. मूळ भाड्यातला फरक ५०० रुपयांचा, खिशातून मात्र १,५६५ रुपये जास्त जातात.

जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तो बिलात दिसला तर काढायला सांगता येतं.

ॲडव्हान्स देण्याआधी

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने बनावट वेबसाइट, सोशल मीडियावरची खोटी पेजेस आणि सर्च इंजिनवरच्या जाहिरातींमधून होणाऱ्या बुकिंग फसवणुकीबाबत इशारा दिला होता. त्यात हॉटेल आणि गेस्ट हाऊसच्या बुकिंगचाही उल्लेख होता. पद्धत साधारण ठरलेली असते. खऱ्या ठिकाणाचे फोटो उचलायचे, नंबर आपला टाकायचा आणि 'शेवटची रूम उरली आहे' म्हणून घाईने पूर्ण पैसे मागायचे.

• इन्स्टाग्रामवर मिळालेला नंबर आणि गुगल मॅप्सवरचा नंबर जुळतो का ते पाहा.
• व्हिडिओ कॉलवर रूम आणि बाहेरची पाटी दाखवायला सांगा.
• सगळे पैसे एकदम देऊ नका. ठरलेला ॲडव्हान्स द्या, बाकी पोहोचल्यावर.
• पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. 'रिफंडसाठी पिन टाका' असं कोणी म्हटलं की फोन ठेवा.
• बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळणार, हे लेखी घ्या.
• ओळखपत्र आधीच पाठवावं लागलं तर मास्क्ड आधार पाठवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. ठरलेली सोय मिळाली नाही, अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर करता येते.

ऋतू बघून बेत आखा

मे अखेरीस कोकणात जाणाऱ्यांची हमखास निराशा होते ती इथे. किनाऱ्यावरची प्रवासी जलवाहतूक आणि जलक्रीडा साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात बंद असतात. किल्ल्यावर जाणारी होडी नाही आणि स्कूबा डायव्हिंगही नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, त्यामुळे 'ताजा पापलेट' मिळेलच असं नाही. पण भातलावणी, धबधबे आणि रिकामे रस्ते हवे असतील तर हाच काळ उत्तम, शिवाय रूमही सहसा स्वस्त मिळते. गणपतीत मात्र जपून. तेव्हा चाकरमानी घरी परतलेले असतात, गाड्या भरलेल्या असतात आणि घरगुती सोय देणारी अनेक घरं आपल्याच पाहुण्यांत गुंतलेली असतात.

समुद्रात उतरण्याआधी यजमानांना किंवा किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना विचारा. भरती-ओहोटी आणि ओढ कुठे आहे, हे त्यांना माहीत असतं. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला शांत, पण पोहण्यासाठी धोकादायक मानला जातो. यजमान 'आज नको' म्हणाले, तर त्या दिवशी वाळूतच बसा.

शेवटी, जागा निवडताना एक प्रश्न पुरेसा आहे: सोबत येणाऱ्यांपैकी सर्वात लहान आणि सर्वात वयस्कर माणसाला इथे दिवसभर बरं वाटेल का? उत्तर 'हो' असेल तर बाकीच्यांची सुट्टी सहसा चांगलीच जाते.