ऑस्कर मासा

सिक्लिडी कुलातील गोड्या पाण्याचा मोठा भक्षक मासा. शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ओसेलेटस. मूळ प्रदेश ॲमेझॉनचे खोरे. लुई आगासी यांनी 1831 मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा तो समुद्री असल्याचा त्यांचा समज होता. शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडा असलेला, डोळ्यासारखा काळा ठिपका असतो. शेपटी कुरतडणाऱ्या पिरान्हांची त्यामुळे दिशाभूल होत असावी.

दुकानात तो बोटभर पिल्लू म्हणून मिळतो आणि घेणारा फसतो तो इथेच. वर्षभरात तो वीतभर होतो, पुढे 30 सेंमी.ही ओलांडतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. एकट्या माशालाही सुमारे 300 लि.ची टाकी हवी. पाणी 24–28° से. ठेवावे. चघळताना कल्ल्यांतून अन्नाचा चुरा बाहेर पडतो आणि पाणी लवकर खराब होते. म्हणून दमदार फिल्टर हवाच, शिवाय दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे; हयगय झाल्यास डोक्यावर खड्डे पडण्याचा विकार बळावतो.

तोंडात मावेल तो सोबती भक्ष्य ठरतो. जिवंत गोल्डफिश चारण्याची हौस मात्र अनाठायी: त्यातून रोग येतात, शिवाय त्यांच्यातील थायामिनेज ब1 जीवनसत्त्वाचा नाश करते. गोळ्या, कोळंबी, गांडुळे पुरतात.

वनस्पती उपटणे, खडे उकरणे, हीटरला धडका देणे हे नित्याचेच. टाकीतील मांडणी बदलली की काही ऑस्कर चक्क आडवे पडून रुसतात. नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. जोडी सपाट दगड घासून त्यावर अंडी घालते व दोघेही पहारा देतात.