साहेब माकड आणि रविवारची सुट्टी

जितकी खुर्ची मोठी तितका ताण जास्त, हे आपण सगळे धरूनच चालतो. मॅनेजरला बीपी, डायरेक्टरला अल्सर, आणि सीईओला तर झोपच येत नसणार बिचाऱ्याला! खालच्या माणसाचं काय, सांगितलं तेवढं काम केलं की घरी जायला मोकळा. गंमत म्हणजे या समजुतीला एकेकाळी चक्क विज्ञानाचा शिक्का मिळाला होता. तो कसा मिळाला आणि नंतर कसा पुसला गेला, ती गोष्ट आज सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'स्ट्रेस' हा शब्द मुळात आपल्या मेकॅनिकलवाल्या मित्रांचा. दांडी किती भार सोसते, कधी वाकते, कधी तुटते, त्या हिशोबातला. तो माणसाच्या शरीराला चिकटवण्याचं श्रेय मुख्यतः हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाचं. १९३६ साली माँट्रियलमध्ये उंदरांवर प्रयोग करताना त्याच्या लक्षात आलं की थंडी असो, जखम असो की विषारी द्रव्य, शरीराची प्रतिक्रिया साधारण एकसारखीच असते. अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगतात, थायमस आक्रसतो आणि जठरात व्रण पडतात. म्हणजे ताण मोजायचा असेल तर अल्सर मोजा, असा सोपा मार्ग सापडला.

मग आली माकडं. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ ब्रेडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या चार जोड्या घेतल्या. जोडीतली दोन्ही माकडं खुर्चीत जखडलेली आणि दोघांनाही विजेचा झटका एकाच वेळी बसणार. फरक एवढाच की एकाच्या हातात चालू खटका होता. वीस सेकंदांच्या आत तो दाबला तर झटका टळायचा, दोघांचाही. दुसऱ्याचा खटका नुसताच शोभेचा. सहा तास ड्युटी, सहा तास विश्रांती, पुन्हा सहा तास ड्युटी. (आज असल्या प्रयोगाला परवानगी मिळणं अवघडच, आणि ते बरंच आहे.)

निर्णय घेणाऱ्या माकडाला त्यांनी नाव दिलं 'एक्झिक्युटिव्ह मंकी'. आपण त्याला साहेब माकड म्हणू. निकाल असा, की अल्सर झाले ते साहेब माकडांना. नुसते झटके खाणारे जोडीदार ठणठणीत! झालं, साहेबलोकांच्या मनासारखाच निकाल लागला. जबाबदारी म्हणजे ताण हे समीकरण मासिकांत आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं.

पण प्रयोगात एक बग होता, आणि तो टेस्टिंगवाल्यांना लगेच कळेल असा. साहेब कोणी व्हायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. आधी एक चाचणी घेतली, त्यात जी माकडं भराभर खटका दाबत होती त्यांनाच साहेब केलं. म्हणजे जी मुळातच जास्त धास्तावणारी, तीच एका बाजूला गोळा झाली. सँपलच वाकडं, मग निष्कर्ष सरळ कुठून येणार?

पुढे जे वाइस या संशोधकाने उंदरांवर तसाच प्रयोग केला, पण यावेळी नीट. १९७२ पर्यंत त्याचे निकाल सर्वांसमोर आले होते आणि चित्र नेमकं उलटं होतं. दोन उंदरांना तेवढेच झटके. ज्याला चाक फिरवून ते थांबवता यायचे त्याला व्रण कमी. ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याला कितीतरी जास्त. आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. झटक्याच्या आधी घंटी वाजली तर व्रण कमी होतात, झटके तेवढेच असले तरी. कारण साधं आहे. घंटी असली की घंटी नसतानाचा वेळ निवांत असतो. घंटीच नसेल तर प्रत्येक क्षण झटक्याचाच.

ठीक आहे, पण आपण उंदीर नाही. माणसांचं काय?

१९६७ पासून लंडनमध्ये ब्रिटिश सरकारच्या सुमारे अठरा हजार पुरुष नोकरदारांची आरोग्यनोंद ठेवली गेली. हाच तो व्हाइटहॉल अभ्यास. पुढे मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली त्यातून जे मांडलं, त्याने साहेब माकडाची उरलीसुरली इज्जत गेली. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वात वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वात खालच्या श्रेणीत, म्हणजे निरोपे-शिपाई वर्गात, ३.६ पट होतं! सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशोबात धरूनही सगळा फरक सुटेना. आणि ही उतरंड होती. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्या पायरीपेक्षा थोडा जास्त आजारी.

१९८५ मध्ये दुसरा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला, त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. त्यातून १९९७ साली एक धागा पुढे आला : कामावर स्वतःचा ताबा किती. कुठलं काम आधी, कसं करायचं, कधी थांबायचं, यातलं काहीच ज्याच्या हातात नाही, त्याच्या हृदयाला धोका जास्त. रॉबर्ट कारासेक याने १९७९ मध्येच हे मांडलं होतं. नुसतं जास्त काम मारत नाही. जास्त काम आणि शून्य अधिकार ही जोडी मारते.

(एक खुलासा : माणसाच्या अल्सरचा मुख्य आरोपी ताण नसून एक जिवाणू आहे, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं आणि २००५ चं नोबेल मिळवलं. तेव्हा बॉसला अल्सरचं बिल पाठवू नका.)

आता घंटीकडे परत येऊ, कारण ती आपल्या मुंबईतही वाजली होती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तेव्हा गिरण्या दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. कित्येक वर्षांच्या मागणीनंतर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पगार वाढला नव्हता, यंत्रं हळू झाली नव्हती. पण आठवड्यात एक दिवस असा आला, ज्या दिवशी भोंगा वाजणार नाही हे आधीच माहीत होतं. वाइसच्या उंदरांना जे मिळालं, ते लोखंड्यांनी ऐंशी वर्षं आधी भांडून मिळवलं होतं.

आणि आपण? आपण ती सुट्टी खिशातल्या फोनला परत देऊन टाकली. रविवारी मेल येतोच असं नाही, पण येऊ शकतो. झटका क्वचितच बसतो, पण घंटी नाही, म्हणून दिवसभर कान टवकारलेले.

तेव्हा ताणावर उपाय विचाराल तर व्यायाम, झोप, दीर्घ श्वसन हे सगळं कराच, त्याने फायदा होतो. पण त्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या कामातलं काय मी स्वतः ठरवू शकतो? लहानसं असलं तरी चालेल : सकाळचा पहिला तास कशाला द्यायचा, एवढंसुद्धा. आणि घंटी कुठे लावता येईल? टीममध्ये ऑन-कॉलची पाळी लावली की एकाचा वीकेंड जातो, पण बाकीच्या पाचांचा खरोखर त्यांचा होतो. पाळी नसेल तर सहाही जणांचा जातो, आणि काम एकाचंच होतं.

आणि तुमच्या हाताखाली दोन-चार माणसं असतील तर एक लक्षात ठेवा. चालू खटका तुमच्या हातात आहे. त्यातला थोडा त्यांना दिलात तर तुमचं काही जात नाही, त्यांची तब्येत मात्र राहते. हे योगवर्गाची कूपनं वाटण्यापेक्षा अवघड आहे, कारण त्यात आपला अधिकार कमी होतो.

असो. तुमच्या ऑफिसात घंटी आहे का, नक्की कळवा. पण आज रविवार आहे, उद्या कळवलंत तरी चालेल.