भारतातील सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण

उदर व गर्भाशय यांना छेद देऊन मूल बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियेस सिझेरियन प्रसूती म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात अशा प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के, २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के, तर २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के होते. हे आकडे प्रत्येक सर्वेक्षणापूर्वीच्या पाच वर्षांतील जन्मांचे आहेत.

वाढीची कारणे

या वाढीचा काही भाग इष्टच मानावा लागतो. याच काळात रुग्णालयांत होणाऱ्या प्रसूती ३८.७ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेल्या. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला घरीच प्राण गमवावे लागत. तिच्यापर्यंत ही शस्त्रक्रिया पोहोचली. २००५ ची जननी सुरक्षा योजना आणि सरकारी दवाखान्यांत सिझेरियन विनामूल्य करणारा २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम यांचा यात वाटा आहे.

तथापि २०१९-२१ च्या सर्वेक्षणात सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. गुंतागुंतीच्या अनेक रुग्णा अखेरीस सरकारी रुग्णालयांतच पाठविल्या जातात, हे ध्यानात घेता ही तफावत केवळ वैद्यकीय गरजेतून उद्भवलेली म्हणता येत नाही. नैसर्गिक प्रसूतीसाठी तासन्‌तास थांबावे लागते, शस्त्रक्रियेची वेळ मात्र ठरविता येते आणि तिचे देयकही मोठे असते. खटल्याची धास्ती, कळांची भीती, क्वचित मुहूर्ताचा आग्रह हीही कारणे आहेत. शिवाय पहिले सिझेरियन झाले की पुढचेही तसेच होण्याचा संभव वाढतो.

प्रादेशिक भेद

२०१९-२१ च्या सर्वेक्षणात तेलंगणात हे प्रमाण ६०.७ टक्के, गोव्यात ३९.५, महाराष्ट्रात २५.४ आणि नागालँडमध्ये अवघे ५.२ टक्के होते. पहिला आकडा अतिरेकाकडे, तर शेवटचा अभावाकडे बोट दाखवितो.

योग्य प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के ही मर्यादा सुचविली होती. लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांपुढील वाढीने माता व नवजात मृत्यू घटत असल्याचे दिसत नाही, असे तिने २०१५ मध्ये नमूद केले. उलट जुन्या व्रणावर वार चिकटून पुढील बाळंतपणात जीवघेणा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. रुग्णालयांची तुलना करण्यासाठी संघटनेने रॉबसन वर्गीकरणाची शिफारस केली आहे. त्यात स्त्रियांचे दहा गट पाडले जातात. पहिलटकरीण, पूर्ण दिवस, एकच मूल, डोके खाली आणि कळा आपोआप सुरू, अशा पहिल्या गटातही सिझेरियनचे प्रमाण मोठे असल्यास त्या रुग्णालयाच्या निर्णयपद्धतीची तपासणी आवश्यक ठरते.