एक लेख आणि १२ वर्षे

छापील शब्दावर आपण सारेच भरवसा ठेवतो. शास्त्रीय नियतकालिकातील शब्दावर तर काकणभर अधिकच. तो शब्द खोटा ठरला, तर परत कोणी व केव्हा घ्यावयाचा, याचा विचार एका जुन्या वैद्यकीय पत्राच्या इतिहासातून आम्ही आज करणार आहोत.

लंडनचे 'लॅन्सेट' टॉमस वेकली यांनी १८२३ साली काढले. लॅन्सेट म्हणजे शस्त्रवैद्याचे नश्तर. वैद्यकातील साचलेली घाण त्याने बाहेर काढावी, हा त्यांचा हेतू. याच पत्रात २८ फेब्रुवारी १९९८ रोजी अँड्र्यू वेकफील्ड व त्यांचे १२ सहकारी यांचा लेख आला. अवघ्या १२ मुलांच्या तपासणीवरून गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असे त्यात सुचविले होते. संबंध सिद्ध झालेला नाही, हे लेखातच नमूद होते. परंतु आईबापांपर्यंत पोचली ती भीती. २००२ साली डेन्मार्कमधील सुमारे ५ लाख ३७ हजार मुलांच्या पाहणीत असा संबंध आढळला नाही. तरीही इंग्लंडात लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण २००३-०४ मध्ये ८० टक्क्यांपर्यंत घसरले, आणि पुढे गोवर परतला.

२००४ साली ब्रायन डीअर या पत्रकाराने उघडकीस आणले की, लस-उत्पादकांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांमार्फत वेकफील्ड यांना पैसा मिळत होता. १० सहलेखकांनी त्या अनुमानातून अंग काढून घेतले. लेख मात्र उभाच राहिला. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने जानेवारी २०१० मध्ये वेकफील्ड यांना अप्रामाणिक ठरविले, तेव्हा कोठे २ फेब्रुवारीस 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला.

एवढा विलंब का? संपादकाला रुग्णालयाची दप्तरे उघडण्याचा अधिकार नसतो. चौकशी करावयाची ती बहुधा लेखकाच्याच संस्थेने. आणि आपल्या घरचा केर चव्हाट्यावर टाकण्यास कोण उत्सुक असतो? संपादकांनी १९९७ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या प्रकाशननीती समितीचा पुढे ठरलेला दंडक असा: निष्कर्ष विश्वासार्ह नसेल, तर लबाडी असो वा प्रामाणिक चूक, लेख मागे घ्यावा, कोणी व का घेतला हे सांगावे, आणि मूळ लेख न लपविता त्यावर तशी खूण करावी.

आमच्या मते लेख मागे घेणे ही नामुष्की नव्हे. नामुष्की आहे ती उशिराची. कारण त्या उशिराचे मोल लेखक भरीत नाही, संपादकही भरीत नाही. ते भरते लस न टोचलेले तान्हे मूल.