मराठवाड्यातील छायाचित्रण : नांदेड व लातूर परिसर

गोदावरीकाठचा नांदेड आणि मांजरा-तेरणेच्या खोऱ्यांतील लातूर हे दोन जिल्हे हैदराबाद संस्थानाच्या मराठी मुलखात मोडत. या परिसरातील छायाचित्रणाचा इतिहास यंत्रांच्या प्रगतीचा तसाच हवामानाचाही आहे. कडक ऊन, धूळ व पाण्याची टंचाई यांनी येथील छायाचित्रकाराची कामाची पद्धत ठरविली. चित्र घेणे कालांतराने सोपे होत गेले; ते टिकविणे मात्र प्रत्येक काळात अवघडच राहिले. प्रस्तुत नोंदीत या कलेची वाटचाल, तिची साधने आणि अंकीय पद्धतीत चित्रीकरण, मुद्रण व जतन करताना घ्यावयाची काळजी यांचा परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका : पॅरिस येथे १८३९ मध्ये दागेअर पद्धतीची घोषणा झाली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होत. मराठवाड्यात हे तंत्र प्रथम पुरातत्त्वाच्या निमित्ताने आले. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमलेल्या रॉबर्ट गिल याने छायाचित्रेही घेतली व १८६४ मध्ये ती जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. गिलच्या अनेक रंगीत प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. छायाचित्रांच्या मात्र अनेक प्रती निघालेल्या असल्याने ती राहिली. एकच प्रत असलेली वस्तू नाश पावते व अनेक ठिकाणी असलेली वाचते, हा धडा या कलेच्या आरंभीच मिळाला होता. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात असलेल्या खरोसा लेण्यांचे वर्णन जेम्स बर्जेसच्या १८७८ मधील बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांविषयीच्या अहवालात आले.

निजामाच्या राज्यातील छायाचित्रणावर राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांची छाप आहे. मीरतजवळील सरधना येथे जन्मलेल्या व रूडकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या दीनदयाळांनी १८७४ च्या सुमारास छायाचित्रणास आरंभ केला. पुढे ते सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९४ मध्ये त्यांना ‘राजा’ हा किताब मिळाला. दरबार, शिकारी व वास्तू यांबरोबरच १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) भागातील दुष्काळग्रस्तांची छायाचित्रेही त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्या काचेच्या व्यस्त प्रतिमांपैकी २,८०० हून अधिक नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. संस्थानचे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये स्थापन झाले. गुलाम याझदानी यांनी संपादिलेल्या ‘अजंठा’ या ग्रंथाचे चार भाग (१९३०–५५) छायाचित्रांच्या आधारे सिद्ध झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद–मनमाड लोहमार्गाने नांदेड हे हैदराबाद-सिकंदराबादशी जोडले गेले, तर १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचलेल्या अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वेने लातूरचा संबंध बार्शी-कुर्डुवाडीमार्गे पुण्या-मुंबईशी आला. काचा, कागद व रसायने बाहेरून आणावी लागत असल्याने या व्यवसायात या मार्गांना महत्त्व होते.

उष्णता, पाणी व अंधारकोठडी : ओल्या कलोडियनच्या पद्धतीत (१८५१) काच ओली असतानाच चित्र घेऊन विकसन करावे लागे. दख्खनच्या उन्हाळ्यात लेप झपाट्याने वाळत असल्याने तंबूतील अंधारकोठडी जवळच ठेवावी लागे. जिलेटिनच्या कोरड्या काचांनी (१८७१) ही घाई संपविली. पण नवी अडचण उभी केली. कृष्णधवल विकसनासाठी साधारणपणे २०° से. तापमान योग्य मानले जाते. नांदेड-लातूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४०° से. च्या वर जातो. द्रावण तापले की विकसन अतिवेगाने होते, जिलेटिन फुगते, त्यास सुरकुत्या पडतात व कडा सुटू लागतात. यावर रात्री वा पहाटे काम करणे, मातीच्या माठातील पाणी वापरणे, तबकाखाली बर्फ ठेवणे आणि क्रोम तुरटीच्या द्रावणाने लेप कठीण करणे हे उपाय होते.

त्याहून बिकट प्रश्न पाण्याचा. हायपोत स्थिर केलेल्या तंतुमय कागदावरील छापास वाहत्या पाण्यात सुमारे तासभर धुवावे लागते. धुणे अपुरे राहिल्यास कागदात उरलेला हायपो कालांतराने चांदीवर क्रिया करतो. चित्र पिवळे पडते व फिकट होते. टंचाईच्या प्रदेशात पाण्याची काटकसर केली, तर तिची किंमत चित्राला अनेक वर्षांनी मोजावी लागते. हायपोची दोन पात्रे वापरणे आणि धुण्यापूर्वी सोडियम सल्फाइटच्या सौम्य द्रावणात छाप बुडविणे, यांनी पाण्याची गरज बरीच घटते. रेझिनलेपित कागद प्रचारात आल्यावर धुण्याचा वेळ काही मिनिटांवर आला.

स्टुडिओ व फिल्मचे युग : तालुक्याच्या गावी स्टुडिओ म्हणजे रंगविलेला पडदा, एखादी खुर्ची किंवा फुलदाणीचा स्टँड, तिपाईवरचा लाकडी कॅमेरा व छायाचित्रकाराच्या डोक्यावरचे काळे कापड. वीज नसे तेथे उत्तरेकडील उजेडावर काम चाले. व्यस्त प्रतिमेवर पेन्सिलीने डागडुजी होई. मुलीचे स्थळ पाहताना द्यावयाचा फोटो, लग्नातील अंतरपाटाचा क्षण, शाळेचा समूहफोटो आणि दिवंगतांची हार घातलेली तसबीर ही या व्यवसायाची मुख्य कामे. अनेक घरांत वडीलधाऱ्या व्यक्तीचे एकच छायाचित्र असे; तिच्या पश्चात त्याचेच मोठे रूप करून घेतले जाई. लग्नसराई नेमकी वैशाखाच्या उन्हात येत असल्याने कामाचा सर्वाधिक भार व अंधारकोठडीची सर्वांत वाईट स्थिती एकाच वेळी येत.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय संघराज्यात आले. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. पुढील काळात बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक ३ हा साधा कॅमेरा हौशी मंडळींच्या हाती आला. १२० क्रमांकाच्या फिल्मवर त्यात बारा चौरस चित्रे मिळत. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या (व पुढे बंद पडलेल्या) सरकारी कंपनीच्या ‘इंदू’ मालाने आयातीवरील भार काहीसा हलका केला. त्यानंतर रंगीत फिल्म व यांत्रिक प्रयोगशाळा आल्या आणि स्टुडिओतील अंधारकोठडी मागे पडली. परंतु १९७०–८० च्या काळातील पुष्कळ रंगीत छापांतील निळसर-हिरवे रंजकद्रव्य अंधारात ठेवूनही विरते. त्यामुळे ती चित्रे तांबूस झाली आहेत. आजोबांचा नीट धुतलेला कृष्णधवल फोटो शाबूत आणि नातवाच्या बारशाचा रंगीत फोटो विटलेला, हे दृश्य त्यामुळेच दिसते.

अंकीय छायाचित्रण : एकविसाव्या शतकाच्या आरंभी अंकीय कॅमेरा व नंतर मोबाइल यांनी रसायने व पाणी यांचे बंधन नाहीसे केले. धूळ व उष्णता मात्र राहिल्या. जिनिंग, डाळमिल व सोयाबीनची मळणी यांच्या परिसरात भिंग बदलणे टाळावे. संवेदकावरील धूळ तोंडाने फुंकू नये. रबरी फुग्याच्या हवेने झटकावी. एकच भिंग घ्यावयाचे असल्यास मध्यम रुंद ते मध्यम दूर आवाक्याचे घेणे व उरलेल्या पैशांतून भक्कम तिपाई घेणे हे दुसऱ्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. म्हणून साधने सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी व ते दाणे अधूनमधून तापवून कोरडे करावे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कॅमेरा व विद्युत्‌घट ठेवू नयेत.

चित्रीकरण : हा प्रदेश सुमारे १८° ते २०° उत्तर अक्षांशांत येत असल्याने मेच्या मध्यास मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी डोळ्यांच्या खोबणीत व फेट्याखाली गडद सावली पडते. व्यक्तिचित्र सकाळी किंवा दिवस कलल्यावर, अन्यथा ओसरीच्या सावलीत बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून घ्यावे. पांढरे धोतर, टोपी व काळी जमीन एकाच चौकटीत आल्यास पांढऱ्या भागाचे तपशील राखून प्रकाशमान ठरवावे. अंकीय चित्रात जळालेला पांढरा भाग परत मिळत नाही, सावलीतील तपशील मात्र बराचसा उजळता येतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराच्या सोनेरी घुमटांनाही हाच नियम लागू पडतो. तेथे चित्रे घेताना डोके झाकणे व संस्थेचे नियम पाळणे आवश्यक आहे. देगलूर तालुक्यातील होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरांची शिल्पे तिरप्या उन्हात उठून दिसतात. खरोसा लेण्यांचा दगड जांभा असून आतील भाग अंधारा आहे. तेथे झगझगीत दिव्याने मूर्ती सपाट दिसतात. तिपाई लावून कमी संवेदनक्षमतेवर दीर्घकाळ झडप उघडी ठेवणे श्रेयस्कर.

मुद्रण : चांगल्या छापासाठी एका इंचास सुमारे ३०० चित्रबिंदू लागतात. म्हणजे ४ × ६ इंचांस सुमारे २२ लाख, ८ × १२ इंचांस ८६ लाख व १२ × १८ इंचांस १ कोटी ९४ लाख चित्रबिंदू. यावरून घरगुती आकारांसाठी फार मोठ्या आकड्यांचा कॅमेरा लागत नाही, हे स्पष्ट होते. मात्र संदेशसेवेतून पाठविलेले चित्र आक्रसून लहान होते. त्याचा मोठा छाप मऊ व फुटका दिसतो. मुद्रणासाठी मूळ फाइलच द्यावी. मोबाइलच्या चित्राचे प्रमाण बहुधा ४ : ३ व ६ × ४ इंची कागदाचे ३ : २ असते; त्यामुळे वरखाली कात्री लागते. समूहचित्र घेताना डोक्यांवर व पायांखाली जागा सोडावी. पडदा फार उजळ ठेवून सुधारणा केल्यास छाप काळवंडतो. म्हणून मोठ्या छापापूर्वी लहान नमुना काढून तो दिवसाच्या उजेडात पाहावा. घरी शाईने मुद्रण करावयाचे असल्यास रंगकणांची शाई रंजकद्रव्याच्या शाईहून सामान्यतः अधिक टिकाऊ असते.

जतन : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीची जड धाब्याची घरे कोसळली व ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. घरांबरोबर भिंतीवरील तसबिरी व पेटीतील छायाचित्रेही ढिगाऱ्याखाली गेली. नवी घरे बांधता आली. गेलेल्या माणसाचा चेहरा दाखविणारे एकमेव चित्र पुन्हा मिळविता आले नाही. ज्यांच्या चित्राची प्रत परगावच्या नातेवाइकांकडे होती, त्यांच्याच हाती काही राहणे शक्य होते.

अंकीय युगात ही जोखीम रूप बदलून कायम आहे. मोबाइल हरवला किंवा चकती बिघडली, तर हजारो चित्रे एका क्षणात जातात. म्हणून महत्त्वाच्या चित्रांच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर व त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवावी. दरवर्षी निवडक चित्रांचे छाप काढून मागे पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहावे. नाव नसलेले चित्र दोन पिढ्यांत अनोळखी होते. छाप पत्र्याच्या छपराखालील पेटीत न ठेवता थंड, कोरड्या, आतल्या खोलीत आम्लरहित कागदात ठेवावे. जुन्या छापांचे तसबिरीतून बाहेर काढून क्रमवीक्षण करावे. काचेस चिकटलेला छाप ओढू नये, काचेसह त्याचे चित्र घ्यावे. गावोगावच्या जुन्या स्टुडिओंत पडून असलेल्या व्यस्त प्रतिमा हे या भागाच्या सामाजिक इतिहासाचे साधन होय. दुकान बंद होताना त्या रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालये व महाविद्यालये यांनी नोंदीसह ताब्यात घेणे अगत्याचे आहे.