कशाला हात लावला होता? : मुंबई उपनगरांतील फियाट-पद्मिनी आणि घरगुती दुरुस्ती

मुंबईच्या उपनगरांत मोटार स्वतःच्या हाताने उघडून दुरुस्त करण्याची जी रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली, तिचा इतिहास कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्यापासून सुरू करावा लागतो. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाजवाहतूक आणि विमाननिर्मिती या क्षेत्रांत पाय रोवल्यानंतर १९४४ मध्ये ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ मध्ये तिने पहिली वाहने बाहेर काढली, ती बहुतांशी परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करून. हा कारखाना तेव्हाच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गालगत उभा होता. कुर्ल्यावरून घाटकोपर, भांडुप, मुलुंड ओलांडून ठाण्याकडे जाणारा हा रस्ता पूर्व उपनगरांच्या उद्योगाचा कणाच होता. जुळणीऐवजी खरी निर्मिती देशात करणाऱ्यांनाच यापुढे वाव द्यावा, असे धोरण १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने स्वीकारले. शिवडीला १९२८ पासून जुळणी करणारी जनरल मोटर्स आणि मुंबईतच काम करणारी फोर्ड या दोन्ही कंपन्या त्यानंतर लवकरच येथून निघून गेल्या, आणि महाराष्ट्रात तयार होणारी मोटार म्हणजे कुर्ल्याची मोटार असे समीकरण तयार झाले.

प्रीमियरने १९५० च्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य वाढवले आणि १९५४ पासून फियाट ११०० या मोटारीची आवृत्ती येथे तयार होऊ लागली. १९६४ मध्ये आलेली ‘११०० डिलाइट’ हीच पुढे किरकोळ फेरफारांनिशी आणि नावे बदलत सुमारे साडेतीन दशके बनत राहिली. फियाटशी असलेला करार संपल्यावर ती काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली, आणि ते एका परीने योग्यच होते, कारण आतले इंजिन तेच होते: ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खालीवर चाल, आणि एकूण १०८९ घनसेंटिमीटर क्षमता. एकाच रचनेचे इंजिन इतकी वर्षे न बदलता चालत राहिल्यामुळे वडिलांनी १९६६ च्या डिलाइटवर मिळवलेले ज्ञान मुलाला १९८८ च्या पद्मिनीवर जसेच्या तसे वापरता आले. या इंजिनाच्या जुनेपणावर त्या काळी बरीच टीका झाली आणि ग्राहकाच्या दृष्टीने ती रास्त होती. परंतु ज्ञान साठण्यास स्थैर्य लागते, आणि ते स्थैर्य या जुनेपणानेच दिले, हेही नोंदवले पाहिजे.

परवाना पद्धतीच्या काळात मोटारींचे उत्पादन मर्यादित होते आणि नोंदणी केल्यावर गाडी हाती येण्यास वर्षे लागत. मिळालेली गाडी म्हणूनच दीर्घकाळ जपली जाई, एका हातातून दुसऱ्या हातात जाई, आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील मध्यमवर्गीय कुटुंबाकडे ती पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाची म्हणून येई. मुंबई महापालिकेची हद्द १९५० आणि १९५७ मध्ये टप्प्याटप्प्याने वाढून मुलुंड व दहिसरपर्यंत गेली होती. त्यानंतर या भागांत सहकारी गृहनिर्माण सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि इमारतीसमोरची फरसबंद मोकळी जागा, जिला सगळे ‘कंपाउंड’ म्हणतात, हेच रविवारचे गॅरेज ठरले. येथे एक भेद महत्त्वाचा आहे. दक्षिण मुंबईत पद्मिनी ही प्रामुख्याने काळी-पिवळी टॅक्सी होती आणि तिची देखभाल हा चालकाच्या पोटापाण्याचा भाग होता. वांद्रे व शीव यांच्या पलीकडे मात्र भाड्याच्या प्रवासाचा मोठा भार ऑटोरिक्षांनी उचलला, त्यामुळे उपनगरांतल्या सोसायट्यांत उभी असलेली पद्मिनी ही बहुधा घरची गाडी होती. घरच्या गाडीला कामावर हजर राहण्याची सक्ती नसते. ती दिवसभर उघडी ठेवता येते, आणि घरगुती दुरुस्तीला ही सवड लागतेच.

दुरुस्तीनंतर गाडी चालू न होणे हा या रीतीचा अटळ भाग होता, आणि त्यातूनच निदानाची एक शिस्तबद्ध पद्धत तयार झाली. गल्लीतला मेस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वी जो प्रश्न विचारी, तो ‘काय बिघडले’ असा नसे. ‘कशाला हात लावला होता?’ असा असे. या प्रश्नामागचे तर्कशास्त्र भक्कम आहे. काल चालत असलेले आणि आज उघडून पुन्हा जोडलेले इंजिन चालू होत नसेल, तर मधल्या रात्रीत एखादा नवा भाग आपोआप निकामी होण्यापेक्षा जोडणीतच काही चुकले असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी पेट्रोल-हवेचे मिश्रण, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी या तीनच गोष्टी लागतात. पण ‘योग्य क्षणी’ या दोन शब्दांत घरगुती दुरुस्तीची बहुतेक संकटे सामावलेली आहेत.

ठिणगीची यंत्रणा अशी. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलमध्ये जातो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये ‘पॉइंट’ नावाची संपर्कटोकांची जोडी असते. ती उघडताच प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो, जो फिरत्या रोटरमार्फत चारांपैकी एका प्लगकडे पोचवला जातो. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर हा छोटा नळकांड्यासारखा भाग पॉइंटच्या टोकांवर ठिणगी उडू देत नाही आणि प्रवाह झटकन तुटण्यास मदत करतो. पॉइंट कालांतराने काळे पडतात, म्हणून ते पॉलिश पेपरने घासणे किंवा बदलणे हे घरगुती दुरुस्तीतले सर्वांत पहिले आणि सर्वांत सोपे समजले जाणारे काम होते. त्यांतील फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवावी लागे आणि ती फिलर गेज या पातळ पट्ट्यांच्या साधनाने मोजावी लागे. परंतु या सोप्या कामात एक सापळा होता. पॉइंटच्या स्प्रिंगजवळील स्क्रूला विद्युतरोधक फायबर वॉशर असतो. तो विसरला किंवा चुकीच्या क्रमाने बसला, तर प्रवाह पॉइंट उघडला तरी तुटत नाही, सरळ गाडीच्या धातूच्या अंगात म्हणजे ‘अर्थ’मध्ये उतरत राहतो. मग नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, भरलेली बॅटरी, सगळे असूनही ठिणगी पडत नाही, आणि नवा माल खराब निघाला अशी मालकाची समजूत होते.

दुसरे प्रकरण क्रमाचे. या इंजिनात सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. यालाच फायरिंग ऑर्डर म्हणतात. प्लग साफ करताना चारही वायरी एकदम काढल्या आणि खूण न करता परत लावल्या, तर दोन वायरींची अदलाबदल सहज होते, आणि गाडी चालू होण्याऐवजी कार्बोरेटरमधून फटका मारते. जुने मेस्त्री एका वेळी एकच वायर काढण्याचा आग्रह धरत, तो याच कारणासाठी. डिस्ट्रिब्यूटरच पूर्ण काढला असेल तर चूक आणखी खोल जाते. प्रत्येक सिलिंडरचे एक चक्र पुरे होण्यास क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात, त्यामुळे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो: एकदा मिश्रण दाबण्यासाठी, एकदा धूर बाहेर टाकण्यासाठी. पुलीवरची खूण या दोन्ही वेळी सारखीच जुळते. केवळ खुणेवर विसंबून डिस्ट्रिब्यूटर बसवला तर ठिणगी अगदी वेळेवर, पण चुकीच्या फेऱ्यात पडते. यावरचा उपाय कोणत्याही उपकरणाशिवाय होई: पहिला प्लग काढून भोकावर अंगठा दाबून धरायचा, दुसऱ्याने इंजिन हळूहळू फिरवायचे, आणि अंगठा आतल्या दाबाने उचलला जाऊ लागला की हाच दाबाचा फेरा असे समजायचे. शरीराच्या स्पर्शाने यंत्राची अवस्था ओळखण्याची ही युक्ती पुस्तकांतही आढळते, पण उपनगरांत ती अंगठ्याकडून अंगठ्याकडे गेली.

सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी विजेची मोटर, नुसती ‘टक्’ करून थांबत असेल तर संशय प्रथम बॅटरीवर जाई. क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम नुकतेच झाले असेल तर मात्र इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी परत लागली आहे का, हे आधी पाहावे लागे. ती सुटलेली असेल तर सेल्फचा प्रचंड प्रवाह चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल हाताला चटका देण्याइतकी तापते. हा चटकाच निदान ठरे. कार्बोरेटर धुतल्यानंतर चालू न होणाऱ्या गाडीत दोषाची जागा निराळी. टाकीतले पेट्रोल खेचणाऱ्या यांत्रिक पंपाला मेस्त्री ‘एसी पंप’ म्हणत. तो काढून बसवताना गॅस्केटची जाडी बदलली तर त्याच्या दांड्याची चाल बदलते, आणि नळीचा जोड सैल राहिला तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. उलट कार्बोरेटरमधील फ्लोटची, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, सुई अडकली तर पेट्रोल ओसंडून प्लग ओले होतात, आणि वारंवार सेल्फ मारणारा उतावळा मालक ते अधिकच ओले करतो.

या ज्ञानाचे वाटप करणारी माणसे रस्त्याकडेच्या गॅरेजांत होती. काहींनी मुलुंड, कुर्ला, अंधेरी, बोरिवली या भागांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केला होता, पण बहुसंख्यांचे शिक्षण ‘छोटू’ म्हणून पाने पुसण्यापासून सुरू झाले होते. लहान मुलांकडून असे काम घेणे ही या धंद्याची काळी बाजू होती आणि कौशल्याच्या कौतुकात ती झाकली जाऊ नये. सुटे भाग ऑपेरा हाउसच्या परिसरातील दुकानांत नवे मिळत आणि कुर्ला-कालिना येथील सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात जुने. गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात तिचे मोडलेले अवयव परत विक्रीला येत. गॅरेजमध्ये खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई आणि दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ चढे. पूजेसाठी गाडी धुताना इंजिनावर पाणी मारले गेले, तर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल जाऊन गाडी सणाच्या दिवशीच बंद पडण्याची शक्यता असे.

ओल हा मुंबईत कायमचा शत्रू. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, समुद्राची खारी हवा आणि उघड्यावर उभ्या गाड्या यांमुळे बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर साचतो, टोपीच्या आतल्या बाजूस केसासारखी बारीक कार्बनची रेघ उमटते आणि उच्च दाबाचा प्रवाह प्लगकडे जाण्याऐवजी त्या रेघेवरून निसटतो. पावसाळ्यात गाडी चालू न झाल्यास टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसणे हा पहिला उपचार होता. मे महिन्यात याच्या उलट, तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा खुंटे, तेव्हा त्यावर ओले फडके ठेवले जाई.

या रीतीचा ऱ्हास एका कारणाने झाला नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ग्राहकाला कमी दुरुस्तीची गाडी ठाऊक झाली. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे धुरातील घातक वायू कमी करणारे साधन, सक्तीचे झाले. २००० मध्ये उत्सर्जनाचे नवे निकष लागू झाल्यावर कार्बोरेटरची जागा संगणक-नियंत्रित इंधन फवाऱ्याने घेतली. प्रदूषणाने गुदमरलेल्या शहराला हा बदल आवश्यक होता, याबद्दल दुमत होऊ नये. मात्र नव्या गाडीत ना पॉइंट उरले ना फिरवून जुळवायचा डिस्ट्रिब्यूटर. दोष शोधण्यासाठी अंगठ्याऐवजी स्कॅनर लागू लागला, आणि कंपाउंडमधल्या मालकाला हात लावण्याजोगे बॅटरी व वायपर एवढेच राहिले. पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या संधिकाळात थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर या जातीची अधिकृत टॅक्सी उरली नाही.

खासगी पद्मिनी मात्र अजून उपनगरांत काही कुटुंबांनी राखल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी कायद्याने एक नवी वाट उघडली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीनंतर पन्नास वर्षे पूर्ण झालेली मोटार ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. म्हणजे १९६४ ची डिलाइट आधीच या वर्गात बसते आणि १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ पासून. अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अटही त्या नियमांत आहे. त्यामुळे विंटेज नोंदणी हवी असलेल्या मालकाला इंजिनच बदलून टाकण्याचा सोपा मार्ग घेता येत नाही; जुने १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिनच चालते ठेवावे लागते, आणि त्यासाठी फायबर वॉशरचा क्रम आणि १-३-४-२ चा पाठ ठाऊक असलेला मेस्त्री शोधावा लागतो.