टेलिफोन केंद्र ते गेमिंग हेडसेट : टिकाऊपणाच्या कसोटीचा इतिहास

प्रास्ताविक

मध्यम किमतीत टिकाऊ गेमिंग हेडसेट कोणता घ्यावा, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारल्यास आपण त्याला बहुधा दुकानाकडे पाठवू. प्रश्न बाजारातील आहे, त्याचे उत्तरही बाजारात मिळेल, अशी आपली समजूत असते. तथापि टिकाऊपणा म्हणजे नेमके काय आणि तो कोणत्या परिस्थितीत निर्माण होतो, हे केवळ आजच्या बाजाराकडे पाहून समजत नाही. जाहिरातीत प्रत्येकच वस्तू मजबूत असते. वस्तू खरोखर किती टिकते याची साक्ष काळच देतो आणि काळाची साक्ष तपासणे हे इतिहासाचे कार्य आहे.

हा प्रश्न महाविद्यालयांनाही परका नाही. भाषा प्रयोगशाळेसाठी हेडसेटची खरेदी करावी लागते. २०२० व २०२१ मधील ऑनलाइन अध्यापनात तर अनेक प्राध्यापकांना स्वतःच्या खर्चाने हे साधन घ्यावे लागले. सदर लेखात हेडफोन व हेडसेट यांच्या सुमारे १४० वर्षांच्या वाटचालीतील काही निवडक टप्पे विचारात घेतले आहेत. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, जेथे वस्तू विकत घेणारा आणि तिची देखभाल करणारा एकच होता, तेथे टिकाऊपणा जोपासला गेला. जेथे ही दोन नाती तुटली, तेथे तो मागे पडला. मध्यम अंदाजपत्रकात निवड कशी करावी याच्या कसोट्याही या इतिहासातूनच हाती येतात.

१. टेलिफोन केंद्र आणि नौदल

हेडसेटचा जन्म करमणुकीसाठी झाला नाही. टेलिफोन केंद्रात तारा जोडणाऱ्या कर्मचाऱ्यांचे दोन्ही हात मोकळे राहावेत, ही त्यामागील निकड होती. १८८० च्या दशकात अमेरिकेतील एझरा गिलिलँड यांनी तयार केलेले साधन खांद्यावर वागवावे लागे व त्याचे वजन दहा पौंडांहून अधिक, म्हणजे साडेचार किलोंच्या वर होते. याच दशकाच्या प्रारंभी, १८८२ मध्ये, मुंबईतही टेलिफोन केंद्र सुरू झाले होते. पुढे १८९१ मध्ये फ्रेंच अभियंता अर्नेस्ट मर्काडिए यांनी कानात बसणाऱ्या, अवघ्या पन्नास ग्रॅमच्या आसपास वजनाच्या साधनाचे अमेरिकन पेटंट मिळवले. कानाला घर्षणाचा त्रास होऊ नये म्हणून त्यावर रबरी आवरण असावे, असेही त्यांनी सुचविले होते. जड पण दणकट आणि हलके पण नाजूक हे द्वंद्व या साधनाच्या बाल्यावस्थेतच उभे राहिले होते.

टेलिफोन केंद्राने आणखी एक वारसा दिला. तारा जोडण्याच्या फलकावर वापरली जाणारी पाव इंची पिन एकोणिसाव्या शतकातील होय. ती आजही ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत वापरली जाते आणि सर्वपरिचित ३.५ मिलिमीटरची पिन हे तिचेच लहान रूप आहे. एखादे माप सर्वमान्य झाले की उपकरण बदलले तरी जोडणी बदलावी लागत नाही. टिकाऊपणात प्रमाणीकरणाचा वाटा किती मोठा असतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१९१० मध्ये अमेरिकेतील युटा राज्याच्या नथॅनिएल बाल्डविन यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात तयार केलेला हेडफोनचा जोड नौदलाकडे चाचणीसाठी पाठवला. नौदलाला तो इतर साधनांपेक्षा सरस वाटला. परंतु डोक्यावरील पट्टी त्रासदायक असल्याचे त्यांनी कळविले. बाल्डविन यांनी चामड्याने मढवलेल्या, कमी-जास्त करता येणाऱ्या तारेच्या दोन दांड्यांची नवी पट्टी तयार केली. या घटनेचे महत्त्व असे की, तासन् तास हेडफोन लावून बसणाऱ्यांची तक्रार थेट निर्मात्यापर्यंत पोहोचली आणि तिच्यानुसार रचना सुधारली गेली. नौदल हेच ग्राहक आणि नौदल हीच देखभाल करणारी संस्था असल्याने हे घडू शकले.

२. स्टुडिओची शिस्त

विसाव्या शतकात नभोवाणी व ध्वनिमुद्रण यांचा विस्तार झाला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, त्या काळातील कमी खर्चाच्या क्रिस्टल संचावर हेडफोनशिवाय ऐकणे शक्यच नव्हते. १९३७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने 'डीटी ४८' हा हेडफोन बाजारात आणला. तो सात दशकांहून अधिक काळ उत्पादनात राहिला. एकच रचना इतका काळ टिकते तेव्हा तिचे सुटे भागही तितकाच काळ मिळत राहतात, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे.

१९५८ मध्ये मिलवॉकी येथे जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन सादर केला आणि हे साधन घरात आले. तरीही घरगुती वापराच्या त्या पहिल्या काळात संस्थांसाठी बनवलेल्या वस्तूंची शिस्त कायम होती. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा १९६८ चा 'एचडी ४१४' हा हलका, उघड्या रचनेचा हेडफोन पिवळ्या फोमच्या गाद्यांमुळे ओळखला जाई. त्याची केबल काढून बदलता येत असे आणि गाद्याही हाताने बदलता येत. याच कंपनीच्या १९८८ मधील 'एचडी २५' चे जवळजवळ सर्व भाग सुटे मिळत गेले. सोनीचा १९९१ मधील 'एमडीआर-७५०६' स्टुडिओत रुजला. त्याची केबल मात्र सहज काढता येणारी नाही. म्हणजे निघणारी केबल हा टिकाऊपणाचा एकमेव निकष मानता येत नाही. भाग उपलब्ध असणे आणि रचना उघडता येणे या व्यापक अटी आहेत.

स्टुडिओत बिघडलेला हेडफोन फेकून दिला जात नसे. तेथील तंत्रज्ञ तुटलेली तार पुन्हा डाग देऊन जोडी, झिजलेली गादी बदली. खरेदीचा निर्णय घेताना अशा तंत्रज्ञाच्या मताला वजन असे. दुरुस्तीची किंमत ज्याला मोजावी लागते, तो दुरुस्ती होऊ शकेल अशीच वस्तू निवडतो, हे साधे तत्त्व येथे दिसते.

३. ग्राहक बदलतो

१ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला. त्याच्यासोबतचा हेडफोन पन्नास ग्रॅमच्या आसपास होता, तर तोवरचे प्रचलित हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असत. हे तंत्रज्ञानाचे मोठेच यश होते. त्याचबरोबर हेडफोन हा मुख्य यंत्राचा सोबती, म्हणजे दुय्यम भाग ठरला. पातळ तार, फोमची तकलादू गादी, प्लास्टिकची पट्टी अशी रचना पुढे स्वस्त नकलांतून जगभर पसरली. आता ग्राहक एकटा होता. त्याच्यापाशी तंत्रज्ञ नव्हता, सुट्या भागांची यादी नव्हती आणि निर्मात्यापर्यंत पोहोचणारा आवाजही नव्हता. वस्तू बिघडल्यास नवी घेणे त्याला सोपे वाटू लागले. कॉस कंपनीने आपल्या हेडफोनला आजीवन हमी देऊ केली होती, ती या प्रवाहाविरुद्धची दखलपात्र घटना होय.

४. खेळाचा हेडसेट

१५ नोव्हेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स लाइव्ह सेवा अमेरिकेत सुरू झाली. तिच्या प्रारंभिक संचात एक हेडसेट दिलेला होता. दूरच्या खेळाडूशी बोलत खेळणे हा त्यामुळे घरगुती अनुभव झाला. त्याच सुमारास संगणकावरील 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या सांघिक खेळांनी आपल्याकडील सायबर कॅफेंतही बस्तान बसवले होते.

खेळाचा हेडसेट वापराच्या दृष्टीने टेलिफोन केंद्रातील साधनाचाच वारसदार आहे. रोज कित्येक तास वापर, सतत बोलणे, घाईने काढणे-घालणे हे सारे तसेच. बाजाराने मात्र त्याला वॉकमनच्या हेडफोनसारखी वागणूक दिली. रंगीत दिवे, आक्रमक आकार आणि '७.१' असा ध्वनीचा दावा यांवर भर आला. पुष्कळ हेडसेटमध्ये हा ७.१ चा परिणाम प्रत्यक्षात दोनच ध्वनिपटलांवर संगणकीय प्रक्रिया करून साधलेला असतो. ठरलेल्या किमतीत दिवे बसवायचे तर ती रक्कम दुसऱ्या कशातून तरी कापावी लागते. ती बिजागरी, केबल वा गादी यांतून कापली गेली, तर ग्राहकाला खरेदीच्या दिवशी ते कळत नाही.

या पार्श्वभूमीवर २०१४ मध्ये हायपरएक्सने आणलेल्या 'क्लाउड' या हेडसेटचे उदाहरण उद्बोधक आहे. क्यूपॅड कंपनीच्या 'क्यूएच-९०' या हेडसेटवर तो आधारलेला होता आणि त्याचे मूळ ताकस्टार या चिनी कंपनीच्या 'प्रो ८०' या स्टुडिओ हेडफोनमध्ये होते. धातूचे दुबेळके, निघणारा मायक्रोफोन आणि खोक्यातच कापडी गाद्यांचा दुसरा जोड ही त्याची वैशिष्ट्ये होती. मध्यम किमतीत टिकाऊपणासाठी नावाजलेल्या या गेमिंग हेडसेटचे कूळ स्टुडिओत सापडावे, हा योगायोग म्हणता येणार नाही. पुढे २०२१ मध्ये हायपरएक्स आणि २०२२ मध्ये प्लँट्रॉनिक्सचा वारसा सांगणारी पॉली या दोन्ही एचपी कंपनीकडे आल्या. विमानचालक व टेलिफोन कर्मचारी यांच्यासाठी हेडसेट बनवणारी १९६१ सालची परंपरा आणि खेळाच्या हेडसेटची परंपरा अशा प्रकारे एका छताखाली आली.

५. इतिहासातून निघणाऱ्या कसोट्या

हेडसेट सहसा आवाजाच्या बाजूने मरत नाही. ध्वनिपटल शाबूत असते; केबल पिनेजवळ किंवा कानाच्या वाटीत शिरते तेथे तुटते, पट्टी बिजागरीपाशी तडकते, रेक्झिनच्या गाद्यांचे पोपडे निघतात. यांपैकी शेवटचा दोष आपल्या हवामानात अधिक जाणवतो. या रेक्झिनमधील पॉलियुरेथेन दमट हवेने व घामाने विघटित होते. त्यामुळे मुंबई-कोकणात कापडी गाद्या अधिक सोयीच्या ठरतात.

यावरून मध्यम अंदाजपत्रकासाठी पुढील क्रम सुचविता येतो. प्रथम, गाद्या हाताने निघतात काय आणि त्या आज बाजारात सुट्या मिळतात काय, हे पाहावे. दुसरे, केबल निघणारी असल्यास तिची पिन सर्वमान्य मापाची आहे काय, हे तपासावे. तिसरे, वजन पेलणारे दुबेळके धातूचे असावे. चौथे, मायक्रोफोन वेगळा करता यावा; तो बिघडला म्हणून संपूर्ण हेडसेट बाद होऊ नये. पाचवे, तेच प्रतिमान काही वर्षे बाजारात टिकून आहे काय, याची चौकशी करावी. चांगला स्टुडिओ हेडफोन घेऊन त्याला स्वतंत्र मायक्रोफोन जोडणे हाही एक विचारपूर्वक मार्ग आहे.

बिनतारी हेडसेटची सोय नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यातील लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापरागणिक घटत जाते, आणि संगणकाला जोडावयाचा छोटा ग्राहक-खुंटा हरवल्यास तो हेडसेट बहुतांशी निरुपयोगी होतो. मर्यादित रकमेत टिकाऊपणा हाच मुख्य हेतू असल्यास तारेचा हेडसेट श्रेयस्कर ठरतो.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. दीड हजार रुपयांचा हेडसेट दरवर्षी बदलावा लागला, तर सहा वर्षांत ९,००० रुपये खर्च होतील. सहा हजारांचा हेडसेट सहा वर्षे टिकला व त्याच्या गाद्या प्रत्येकी ८०० रुपयांना दोनदा बदलल्या, तर खर्च ७,६०० रुपये होईल. तीस आसनांच्या भाषा प्रयोगशाळेत हा फरक ४२,००० रुपयांचा ठरतो. तथापि गाद्या मिळाल्याच नाहीत, तर महागडा हेडसेटही दोन-तीन वर्षांत निकामी होईल आणि हाच हिशेब उलटेल. सारे गणित सुट्या भागाच्या उपलब्धतेवर उभे आहे.

६. दुरुस्तीचा हक्क

एकट्या ग्राहकाला संस्थेचे बळ नसते. ते त्याला कायद्याने मिळू शकते. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरीविषयक नियमावलीत, छोट्या उपकरणांतील बॅटरी वापरकर्त्याला काढता व बदलता यावी यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख निश्चित केली. भारतात केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली. ई-कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. यांतील ई-कचऱ्याचे नियम मुख्यत्वे वस्तू निकामी झाल्यानंतरची जबाबदारी ठरवतात. वस्तू निकामी होऊ नये यासाठीची वाट दुरुस्तीच्या हक्कातून जाते.

समारोप

टेलिफोन केंद्र, नौदल व स्टुडिओ यांनी हेडफोन टिकवला, कारण तो बिघडल्याची झळ त्यांनाच बसत होती. आजचा विद्यार्थी आपल्या मर्यादित पैशांतून हेडसेट घेतो, तेव्हा ती झळ त्यालाही बसते. परंतु खरेदीच्या क्षणी त्याच्यासमोर दिवे आणि आकडे असतात, सुट्या भागांची यादी नसते. ती यादी मागण्याची सवय त्याला लागली, तर बाल्डविन यांना आलेल्या नौदलाच्या पत्राचे कार्य काही अंशी तो करू शकेल. महाविद्यालयांना तर हे अधिक सहज शक्य आहे. भाषा प्रयोगशाळेच्या दरपत्रकात हेडसेटच्या किमतीशेजारी गाद्या, केबल व मायक्रोफोन यांच्या किमतीचे आणि ते किती वर्षे पुरवले जातील याचे रकाने ठेवावेत. जो पुरवठादार हे रकाने भरू शकणार नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो स्वस्त समजू नये.